कैफियतीला जागा नसलेली नगरे

जपानी अ‍ॅनिमेतील दुःस्वप्ननगरांविषयी चर्चा निघाली म्हणजे ती बहुधा कॅमेऱ्यापासून सुरू होते आणि कॅमेऱ्यापाशीच संपते. चौकाचौकांत बसवलेले यांत्रिक डोळे, मेंदूत रोवलेल्या तारा, नागरिकाच्या हालचालींची अष्टौप्रहर नोंद ठेवणारे कुठलेसे सर्वज्ञ दफ्तर आणि या साऱ्याखाली दबून गेलेला एकाकी मनुष्य, असे एक ठरावीक चित्र त्या चर्चेतून उभे राहते. हे चित्र खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत निर्माण झालेल्या या जातीच्या कृती ओळीने पाहत गेले असता, त्यांत जे आहे त्यापेक्षा जे नाही तेच हळूहळू अधिक डोळ्यांत भरू लागते. त्यांत पोलीस आहेत, एकमेकांवर कुरघोडी करणारी गुप्तचर खाती आहेत, शस्त्रागारे आहेत, मृत्युदंड तर पदोपदी आहे. नाही ते न्यायालय. ज्याच्यावर आरोप आहे त्याने पुढे यावे, आपली कैफियत मांडावी, ती कोणी अधिकाराने ऐकून घ्यावी आणि निकाल न पटल्यास त्याने वर दाद मागावी, एवढी साधी सोय या झगझगीत नगरांच्या नकाशावर कोठेही आढळत नाही. पाळत ही या कृतींची सामग्री असून सुनावणीचा लोप हा त्यांचा खरा विषय आहे, अशी माझी समजूत झालेली आहे. ती कितपत टिकते हे येथे पाहावयाचे आहे.

या परंपरेचा आरंभ पुष्कळ जण कात्सुहिरो ओतोमो यांच्या 'अकिरा'पासून (१९८८) धरतात. त्या चित्रपटातले २०१९ सालचे निओ-टोकियो, मोटारसायकली उधळीत फिरणारी तेथली उनाड पोरे आणि लष्कराच्या प्रयोगशाळेत वाढलेली, वृद्धांसारख्या सुरकुतलेल्या चेहऱ्यांची बालके रसिकांच्या परिचयाची आहेत, आणि चित्रकाम म्हणून त्याची थोरवी वादातीत आहे. परंतु आपल्या प्रश्नाला तो फारसा स्पर्श करीत नाही. कारण त्यातले राज्य मुळातच कोसळत चाललेले आहे, आणि कोसळत्या राज्यापाशी न्याय मागावयास कोणी जात नाही.

प्रश्नाची खरी मांडणी मामोरू ओशी यांच्यापासून होते. 'पॅटलेबर' या मालिकेवर आधारलेल्या त्यांच्या दुसऱ्या चित्रपटात (१९९३) योकोहामाच्या खाडीवरील पूल एका क्षेपणास्त्राने उडवला जातो, हवाई दलाच्या पडद्यावर प्रत्यक्षात नसलेली लढाऊ विमाने उमटतात, पोलीस आणि संरक्षण दल परस्परांविषयी साशंक होतात आणि पाहता पाहता टोकियोच्या बर्फाळ रस्त्यांवर रणगाडे येऊन उभे राहतात. या साऱ्यामागे असलेला त्सुगे नावाचा माजी लष्करी अधिकारी हा रूढ अर्थाने खलपुरुष नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यासाठी आग्नेय आशियात गेलेल्या त्याच्या तुकडीला गोळी झाडण्याचा हुकूम मिळाला नाही आणि माणसे त्याच्या डोळ्यांदेखत मेली. जपानने संरक्षण दलाला परदेशी शांतिकार्यासाठी पाठविण्याचा कायदा १९९२ साली केला आणि त्याच वर्षी कंबोडियाकडे तुकडी रवानाही झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे ओशी कोणत्या ताज्या जखमेवर बोट ठेवीत होते ते कळते. त्सुगेची तक्रार ऐकून घेणारे पीठ त्याच्या देशात नव्हते; म्हणून त्याने सबंध राजधानीलाच साक्षीला ओढले. त्याची कृती अक्षम्य आहे, पण फिर्याद खरी आहे, आणि या दोहोंचा निवाडा वेगवेगळा करील अशी संस्था चित्रपटात कोठेच नाही.

दोनच वर्षांनी ओशी यांनी मासामुने शिरो यांच्या चित्रकथेवरून 'घोस्ट इन द शेल' (१९९५) केला. त्यातील तत्त्वज्ञानाची, म्हणजे आत्मा कोठे संपतो आणि यंत्र कोठे सुरू होते या प्रश्नाची, चर्चा इतकी झाली आहे की तिच्यात भर घालण्याचे कारण नाही. मला त्यातले एक छोटेसे प्रकरण अधिक बोलके वाटते. शहरातला कचरा उचलणारा एक साधा कामगार दुसऱ्याच्या मेंदूत शिरकाव करण्याच्या गुन्ह्यात, आपण काय करीत आहोत याची जाणीव नसताना, सामील होतो. सोडून जाऊ पाहणाऱ्या बायकोच्या मनात काय आहे ते पाहण्यासाठी आपण हे करीत आहोत, अशी त्याची भाबडी समजूत असते. पकडल्यावर चौकशीच्या खोलीत त्याला सांगण्यात येते की तुला बायको नाही, मुलगीही नाही, तू वर्षानुवर्षे एकटाच राहतोस. आणि खिशातल्या ज्या छायाचित्रात तो आपल्या लेकीला पाहत असे त्यात ती कधी नव्हतीच. हे सांगणारा अधिकारी दुष्ट नाही; त्याच्या स्वरात थोडी कीवही आहे. पण ज्याच्या स्मृतीच दुसऱ्याने लिहिलेल्या आहेत त्याची जबानी घ्यावयाची तरी कशी, हा पेच त्या खोलीत उभा राहतो आणि तेथेच सोडून दिला जातो. पुढे ज्याला 'पपेट मास्टर' म्हणतात तो शासनानेच निर्मिलेला संगणकीय जीव पोलिसांच्या ताब्यात येतो आणि मी सजीव आहे, मला राजकीय आश्रय द्या, अशी रीतसर मागणी करतो. इतक्या अभूतपूर्व अर्जावर विचार कोणी करावयाचा? दुसरे सरकारी खाते सशस्त्र माणसे पाठवून अर्जदारालाच पळवून नेते आणि अर्ज आपोआप निकालात निघतो.

शिरो यांच्या या विश्वाला केन्जी कामियामा यांनी २००२ मध्ये 'स्टँड अलोन कॉम्प्लेक्स' या मालिकेचे रूप दिले, आणि त्यात तत्त्वचिंतन थोडे कमी होऊन कचेरीची हवा पुष्कळ वाढली. माझ्या मते हा लाभच झाला. मालिकेच्या आरंभीच्या भागांत 'लाफिंग मॅन' नावाच्या गुन्हेगाराचा माग काढणाऱ्या पोलिसांच्याच कृत्रिम डोळ्यांत, त्यांच्या नकळत, त्यांना दिसेल ते सर्व वरिष्ठांना दाखविणारी सूक्ष्म उपकरणे बसवलेली असल्याचे उघडकीस येते. तपास करणारा अंमलदार आरशात पाहतो तेव्हा त्याचा चेहरा आणखी कोणीतरी पाहत असतो. लाफिंग मॅनची करामत याच्या नेमकी उलट आहे: जेथे जेथे त्याचा चेहरा दिसावयाचा तेथे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत तो तत्क्षणी एका हसऱ्या बोधचिन्हाने झाकला जातो. ही मालिका पहिल्यांदा प्रसारित झाली त्याच्या दोनच महिने आधी, ऑगस्ट २००२ मध्ये, जपान सरकारने रहिवासी-नोंदणीचे देशव्यापी जाळे सुरू करून प्रत्येक नागरिकाला अकरा अंकी क्रमांक दिला होता. काही नगरपालिकांनी त्यात सामील होण्यास नकार दिला, नागरिकांनी दावे लावले आणि अखेर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते जाळे घटनासंमत ठरवले. म्हणजे प्रत्यक्ष जपानमध्ये हा तंटा न्यायालयात गेला आणि सहा वर्षे चालला. पडद्यावरच्या जपानमध्ये तो एका खात्याच्या कर्तबगार माणसांनी दुसऱ्या खात्याच्या भ्रष्ट माणसांवर छापा घालून मिटवला. पाहताना आपण त्या छाप्याला मनोमन टाळ्या देतो, आणि न्यायालयाची आठवणही होत नाही, यात या कृतींच्या यशाइतकीच त्यांची एक खोडही दिसून येते.

ती खोड 'डेथ नोट'मध्ये (चित्रकथा २००३ ते २००६, मालिका २००६-०७) उघड्यावर येते. त्सुगुमी ओबा आणि ताकेशी ओबाता यांच्या या कथेत यंत्र नाही, एक वही आहे. जिचे नाव तीत लिहावे आणि जिचा चेहरा मनात आणावा ती व्यक्ती मरते. तरीही पाळत आणि न्याय यांच्या आढाव्यातून तिला वगळणे शक्य नाही, कारण लाइट यागामी या हुशार विद्यार्थ्याला मारावयाची नावे मिळतात ती दूरचित्रवाणीच्या बातम्यांतून आणि पोलीस अधिकारी असलेल्या वडिलांच्या संगणकातून. जपानी वृत्तमाध्यमे संशयिताला अटक होताच त्याचे नाव आणि चेहरा जाहीर करतात. निकाल लागावयाचा असतो तेव्हाच बदनामी पुरी झालेली असते. लाइट या व्यवस्थेत एकाच गोष्टीची भर घालतो: बदनामीच्या जागी मृत्यू. उलट बाजूचा 'एल' नामक गुप्तहेर काही कमी नाही. लाइटला डिवचण्यासाठी तो दूरचित्रवाणीवर आपल्या नावाने एक माणूस बसवितो, आणि तो माणूस सर्वांसमक्ष छातीवर हात दाबून कोसळल्यावर सांगतो की हा आधीच मृत्युदंड झालेला कैदी होता. शिवाय हे प्रक्षेपण सगळ्या जगभर नव्हते, केवळ कांतो भागापुरतेच होते, म्हणजे मारेकरी त्याच भागात आहे. या युक्तीचे कौतुक करताना प्रेक्षक सहज विसरतो की कायद्याच्या बाजूनेही एक मनुष्य प्रयोगाचे साधन म्हणून खर्ची घातला गेला. पुढे लाइटच्या घरात जागोजागी कॅमेरे बसतात, आणि बटाट्याच्या काचऱ्यांच्या पुडीत दडवलेल्या लहानशा पडद्यावर बातम्या पाहत तो एका हाताने गणिते सोडवितो व दुसऱ्या हाताने नावे लिहितो. दोघेही पकडण्यात तरबेज आहेत. न्याय करावयाचा म्हणजे काय, याविषयी दोघांनाही काडीचे कुतूहल नाही.

आता हे न्यायालय जपानी कल्पनाशक्तीतून गेले कोठे? कथेच्या गतीला खटला मारक ठरतो हे एक उत्तर आहे, पण ते पुरेसे नाही. अमेरिकन पडद्यावर खटल्यांची रेलचेल आहे. जपानमध्ये फौजदारी खटल्यात दोषसिद्धीचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक आहे. सरकारी वकील खात्रीचेच खटले पुढे आणतात म्हणून हे प्रमाण इतके वर गेले, असे त्याचे समर्थन करतात. आणि ते खरे मानले तरी त्याचा अर्थ इतकाच की निवाडा वस्तुतः न्यायालयाच्या आधी, चौकशीच्या खोलीत आणि अभियोक्त्याच्या मेजावर, होऊन गेलेला असतो. आरोपपत्र ठेवण्यापूर्वी संशयिताला एका गुन्ह्यासाठी तेवीस दिवसांपर्यंत ताब्यात ठेवता येते, आणि कबुलीजबाबाला मोठे वजन असते. इवाओ हाकामादा यांना १९६६ मध्ये अटक झाली, १९६८ मध्ये मृत्युदंड सुनावण्यात आला, २०१४ मध्ये फेरखटल्याचा हुकूम होऊन ते कोठडीबाहेर आले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, पुरावा बनावट असल्याचे नमूद करून, न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. सामान्य नागरिकांना न्यायाधीशांच्या शेजारी बसविणारी पद्धत २००९ मध्ये सुरू झाली ती याच अस्वस्थतेच्या काळात. अशा देशातल्या कथाकाराला भविष्य रंगविताना न्यायालयाची इमारत दिसली नाही, तर त्याने ती कल्पनेने पाडली असे म्हणण्यापेक्षा ती त्याला पूर्वीही फारशी दिसत नव्हती असे म्हणणे अधिक रास्त होईल.

या पार्श्वभूमीवर 'सायको-पास' (२०१२-१३) पाहावयास हवी. नाओयोशी शिओतानी यांचे दिग्दर्शन आणि गेन उरोबुची यांचे लेखन लाभलेली ही बावीस भागांची मालिका या सबंध विषयाचा मध्यबिंदू आहे, आणि तिच्यावर थोडे अधिक रेंगाळल्यावाचून गत्यंतर नाही. काल २११२ चा. 'सिबिल' नावाची व्यवस्था प्रत्येक नागरिकाच्या मनोवस्थेचे रस्त्यारस्त्यावर मापन करते, त्यावरून त्याने कोणता व्यवसाय करावा ते ठरविते, आणि त्याचा गुन्हेगारी-गुणांक काढते. गुणांक शंभराच्या आत असला म्हणजे मनुष्य निर्धास्त. शंभराच्या वर गेला की तो सुप्त गुन्हेगार, मग त्याच्या हातून काही घडलेले असो वा नसो. तीनशेच्या वर गेला की त्याला जागच्या जागी संपविणे कायदेशीर. पोलिसांच्या हातातले 'डॉमिनेटर' नावाचे पिस्तूल समोरच्या माणसाकडे रोखताच गुणांक मोजते, तो वाचून दाखविते, आणि घोडा मोकळा करावयाचा की बंद ठेवावयाचा ते स्वतःच ठरविते. फिर्याद, तपास, आरोप, निकाल आणि अंमलबजावणी या पाच पायऱ्या एका मुठीत मावेल एवढ्या वस्तूत आणून बसवल्या आहेत.

पहिल्याच भागातला प्रसंग या व्यवस्थेचा जणू पंचनामाच आहे. एका पुरुषाने ओलीस धरून अत्याचार केलेल्या स्त्रीला पोलीस सोडवितात. तो पुरुष मारला जातो. आणि मग पिस्तूल त्या स्त्रीकडे वळताच तिचाही गुणांक चढलेला आढळतो, कारण भीती, संताप आणि यातना यांनी तिचे मन काळवंडले आहे. यंत्राला कारणाशी कर्तव्य नाही, आकड्याशी आहे. सांडलेल्या तेलात हातात लाइटर धरून उभी असलेली ती स्त्री, तिच्यावर प्राणघातक शस्त्र रोखणारा पोलीस पथकातला कोगामी, आणि नोकरीचा पहिला दिवस असलेली आकाने त्सुनेमोरी. आकाने आपल्याच सहकाऱ्याला बेशुद्ध पाडते, मग त्या स्त्रीशी बोलू लागते, ती खाली बसते, आकडा उतरतो आणि शस्त्र आपोआप सौम्य होते. त्या स्त्रीला त्या रात्री जी लाभली तिला सुनावणीच म्हणावे लागेल: कोणीतरी तिचे ऐकले, आणि ऐकल्यामुळे निकाल बदलला. सबंध मालिकेत आकानेचे मोठेपण जे काही आहे ते या एका कृतीचा विस्तार आहे, असे मला वाटते.

त्यानंतर उरोबुची व्यवस्थेला उलट्या टोकाने धक्का देतात. मालिकेचा खलपुरुष शोगो माकिशिमा कितीही भीषण कृत्य करो, त्याचा गुणांक चढत नाही. आकानेच्या डोळ्यांदेखत तो तिच्या मैत्रिणीचा गळा चिरतो तेव्हा तिच्या हातातले पिस्तूल घसरत जाणारे आकडे शांतपणे वाचून दाखवीत राहते आणि घोडा काही मोकळा होत नाही. याहून मला अधिक भेदक वाटतो तो पुढचा शिरस्त्राणाचा प्रसंग. आसपासच्या माणसांच्या स्वच्छ मनाची नक्कल करणारे शिरस्त्राण घातलेला एक इसम भर रस्त्यात एका स्त्रीला हातोड्याने ठेचून मारतो. भोवती माणसे जमतात, पाहतात, आणि काहीच करीत नाहीत. ती क्रूर नाहीत. आपल्यासमोर खून चालला आहे हे त्यांना उमगतच नाही, कारण धोका असता तर यंत्राने सांगितले असते. पाळतीचा दुष्परिणाम म्हणून आपण स्वातंत्र्याच्या हानीविषयी बोलत आलो. पाहिलेल्याला साक्षी होण्याची शक्तीच नष्ट होते, ही तिची दुसरी हानी इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी दाखविल्याचे मला ठाऊक नाही.

सिबिलचे रहस्य शेवटी उलगडते ते असे की ती गणनयंत्र नसून माकिशिमासारख्याच, गुणांकाच्या कक्षेत न येणाऱ्या माणसांच्या मेंदूंचा समूह आहे. आणि ती माकिशिमालाही आपल्यात येऊन बसण्याचे निमंत्रण देते. ज्याचा गुन्हा मोजता येत नाही त्याला न्यायासनावर जागा! माकिशिमा ते धुडकावतो. माकिशिमाच्या तोंडी ऑर्वेल आणि फिलिप डिक यांची नावे घालून लेखकाने आपले ऋण मान्य केले आहे. पण डिकच्या कथेतल्या पोलिसांना भावी कृत्य तरी दिसत होते, येथे कृत्याचीच गरज उरलेली नाही.

'सुप्त गुन्हेगार' ही कल्पना महाराष्ट्रातल्या वाचकाला मात्र भविष्यातली वाटण्याचे कारण नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्यानंतर तो देशभर पसरला. विशिष्ट जमातीत जन्मास येणे एवढाच ज्यांचा अपराध, अशा लोकांची नावनिशी नोंदवून घेणे, त्यांना पोलीस पाटलाकडे वा चौकीवर हजेरी द्यावयास लावणे, परवान्याविना गाव सोडू न देणे, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहतीत डांबणे, हे सारे यंत्राविना, केवळ दौत, टाक आणि नोंदवही यांच्या बळावर चालत असे. एखादी जमात गुन्हेगार ठरविणाऱ्या जाहीरनाम्याची वैधता कोणत्याही न्यायालयाने तपासू नये, असे तर त्या कायद्यातच लिहून ठेवले होते. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, माणसे 'विमुक्त' म्हणवली गेली, तरी चोरी झाली की त्यांच्याच पालावर छापा पडण्याचा शिरस्ता चालू राहिला, याची साक्ष लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने दिलेली आहे. मालिकेतल्या कागारीला वयाच्या पाचव्या वर्षी सुप्त गुन्हेगार ठरवून समाजाबाहेर काढले जाते आणि पुढे पोलिसांचा शिकारी कुत्रा म्हणून वापरले जाते. तो हे हसत हसत सांगतो तेव्हा जपानी प्रेक्षकापेक्षा आपल्याकडच्या प्रेक्षकाला काही अधिक ऐकू यावयास हरकत नाही.

ज्या सहा महिन्यांत 'सायको-पास' प्रसारित होत होती त्याच सहा महिन्यांत युसुके किशी यांच्या कादंबरीवरची 'शिन्सेकाई योरी' ही मालिकाही चालू होती, आणि आश्चर्य असे की न्यायालयाचे दृश्य मला तिच्यातच सापडले. हजार वर्षांनंतरचा, विजेच्या तारा नसलेला, हिरव्यागार खेड्यांचा काळ; माणसे मनोबलाने वस्तू हलवतात; जी मुले पुढे घातक ठरतील असे शिक्षण समितीला वाटते ती मुले गुपचूप नाहीशी होतात आणि उरलेल्यांच्या स्मृतीतून पुसली जातात. 'बाकेनेझुमी' या उंदरांसारख्या गुलाम जमातीचा पुढारी बंड करतो, पराभूत होतो, आणि त्याला भरसभेत उभे करून विचारतात की तू आहेस तरी कोण. मी मनुष्य आहे, असे तो ओरडून सांगतो. सभा खदाखदा हसते. आणि त्याला अनंत यातनांची शिक्षा फर्मावली जाते. मागाहून नायिकेला कळते की या प्राण्यांच्या पेशींत माणसाइतक्याच, गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या आहेत. मनोबल नसलेल्या माणसांनाच मनोबल असलेल्यांच्या पूर्वजांनी उंदरांचे रूप दिले होते, जेणेकरून त्यांना मारताना हात कचरू नये. म्हणजे कैफियत मांडली गेली, ती अक्षरशः सत्य होती, आणि ऐकणाऱ्यांनी तिला विनोद मानले. न्यायालय नसण्यापेक्षा असले न्यायालय असणे बरे की वाईट, हा प्रश्न मालिका न विचारता उभा करते. पहिले काही भाग संथ आहेत आणि चित्रकामात सातत्य नाही, हे खरे. तरीही या जातीतली सर्वांत गंभीर कृती कोणती असे मला कोणी विचारले तर मी 'सायको-पास'च्या आधी हिचे नाव घेईन.

इतर कृतींचा परामर्श धावता घेतला तरी चालेल. 'सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन'मध्ये (१९९८) जाळ्यात विरघळत जाणाऱ्या मुलीची कहाणी आहे आणि तिचे मोल निराळे आहे. न्यायाशी तिचा संबंध दूरचा. 'लायब्ररी वॉर' (२००८) सरकारी ग्रंथतपासणीविरुद्ध बंदुका घेऊन लढणाऱ्या ग्रंथपालांची कथा असून ती प्रेमकथेच्या वळणाने फारच लवकर गोड होते. मित्सुओ इसो यांच्या 'देन्नो कॉइल'मध्ये (२००७) आभासी चष्मे लावून हिंडणारी शाळकरी पोरे आणि त्यांचे आभासी कुत्रे पुसून टाकणारे नगरपालिकेचे यंत्र यांचा जो लपंडाव आहे त्यात सत्तेचे बाळबोध पण अचूक रूप दिसते. 'गॅचामन क्राउड्स'ने (२०१३) सरकारऐवजी लोकांच्याच हातातल्या भ्रमणध्वनीवरून न्यायदान झाले तर काय, असे विचारले. खाजगी कंपन्यांच्या पाळतीकडे मात्र जपानी अ‍ॅनिमे उशिरा वळला. 'सायबरपंक : एजरनर्स' (२०२२) तिकडे वळतो तोही एका पोलिश खेळाच्या विश्वाचा आधार घेऊन.

दोषांविषयी बोलावयाचे तर या कृतींना ज्या यंत्राची भीती वाटते त्याच्यावरच त्यांचे प्रेम बसलेले असते. डॉमिनेटर उलगडताना, त्याच्या निळ्या पात्या सरकताना जो थाट केला आहे तो पाहून कोणाही पोराला ते हवेसे वाटेल, आणि त्याची हुबेहूब प्रतिकृती बाजारात आली तेव्हा ग्राहकही मिळाले. 'घोस्ट इन द शेल'ची नायिका मोतोको कुसानागी हिच्या देहाकडे कॅमेरा ज्या नजरेने पाहतो तिला पाळत म्हणावयाचे की नाही, हा प्रश्न चित्रपटाने स्वतःला विचारलेला नाही. 'सायको-पास'मधले खलपुरुष माणूस मारण्यापूर्वी ग्रंथांतील उतारे म्हणतात ही लकब प्रथम भारदस्त वाटते आणि नंतर कंटाळा आणते. तिच्या दुसऱ्या मालिकेत (२०१४) समूहाचा गुणांक काढता येईल काय, आणि न्याय करणारी सिबिलच दोषी निघाली तर तिला कोण शासन करणार, असा उत्तम प्रश्न घेतला आहे. पण एकशे चौऱ्याऐंशी मृत बालकांच्या अवयवांनी जोडलेल्या माणसाच्या बीभत्स तपशिलात आणि रक्तपातात तो बुडून जातो.

अलीकडच्या दोन कृतींत मात्र गाळलेली जागा स्वतःहून पुढे येऊ लागली आहे. नाओकी उरासावा यांच्या चित्रकथेवरील 'प्लूटो' (२०२३) मध्ये माणसाचा खून करणारा पहिला यंत्रमानव तळघरात भाल्याने खिळवून ठेवलेला आहे. तपासणीत त्याच्या मेंदूत कसलाही बिघाड सापडला नाही, म्हणून त्याला मोडून टाकण्याचे धैर्य कोणाला होत नाही, आणि त्याच्यावर खटला चालवावा हेही कोणाला सुचत नाही. तपास करणारा गेझिश्ट हा यंत्रमानव शेवटी शोधून काढतो ते आपल्याच स्मृतीतून वरिष्ठांनी खरवडून काढलेले स्वतःचे कृत्य. दुसरी कृती म्हणजे 'सायको-पास'चा 'प्रॉव्हिडन्स' हा चित्रपट, तोही २०२३ चाच. चित्रपट म्हणून तो गर्दीचा आणि मारामाऱ्यांनी जड झालेला आहे, परंतु त्याचा मूळ विषय थेट हाच आहे: सिबिल असताना कायद्याची गरज काय, असे म्हणून न्याय खात्यालाच टाळे लावण्याचा घाट घातला जातो. आकाने विरोध करते, तिचे कोणी ऐकत नाही. तेव्हा ती समारंभात सर्वांदेखत आपल्या खातेप्रमुखावर गोळी झाडते. तिचा गुणांक चढत नाही. यंत्राच्या हिशेबी ती निर्दोष आहे आणि हजारोंनी तर तिला गोळी झाडताना पाहिले आहे; तेव्हा तिच्याविषयी काय करावयाचे ते ठरविण्यास कायद्यावाचून दुसरे साधन उरत नाही, आणि खाते मोडण्याचा बेत बारगळतो. कथाक्रमाने या चित्रपटानंतरच्या, पण चार वर्षे आधी प्रसारित झालेल्या तिसऱ्या मालिकेत आकाने कोठडीत दिसते आणि पुढे सुटूनही येते. तिच्या खटल्याचे दृश्य मात्र निर्मात्यांनी कोठेही घेतलेले नाही.